डावीकडे एक पाऊल

१

संग्रहालयात प्रथमोपचाराची खोली असते हे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. आमची जिन्याखाली होती. एक खाट, एक बेसिन, औषधांचं कपाट आणि मी. त्याआधी बरीच वर्षं मी मोठ्या इस्पितळात भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स होते. तिथून इकडे आले तेव्हा सगळे म्हणाले, बाई आता सुखात पडली. खरंच पडले होते. नवी चप्पल चावलेल्या बाया, कठड्याच्या गजांत बोट अडकवून घेतलेली पोरं, न खातापिता सगळी दालनं फिरून चक्कर आलेले आजोबा. साखरपाणी द्यायचं, पट्टी बांधायची, पाय उंच करून निजवायचं. संध्याकाळी कुलूप लावलं की कुणाचं कण्हणं कानात घेऊन घरी जावं लागत नव्हतं.

मग दुसऱ्या मजल्यावर शेवटच्या दालनात ते चित्र लागलं आणि माझी खाट रिकामी राहीना.

पहिली एक कॉलेजातली मुलगी होती. चित्रापुढे उभी राहून रडायला लागली, रडता रडता तिची शुद्ध गेली. मग एक धिप्पाड कंत्राटदार, त्याची नाडी डोंगर चढून आल्यासारखी धावत होती. मग एक निवृत्त शिक्षिका. तिने माझा हात घट्ट धरून ठेवला, एका डोळ्याने हसत होती आणि एका डोळ्याने रडत होती. सगळ्यांचं तेच. आधी तळहात ओले, मग छातीत धडधड, मग डोळ्यांना धार, मग जमीन. शुद्धीवर आल्यावर बोलणंही तेच. "किती सुंदर आहे हो."

मला संताप यायचा. अंगावर कातडी उरली नव्हती अशी माणसं मी पाहिलेली, आणि ती न रडता "सिस्टर, जरा पाणी" म्हणायची. इथे धडधाकट माणसं रंग लावलेल्या कापडापुढे लोळण घेत होती आणि त्यांच्या तोंडावर पाणी मारायला मी धावत होते.

त्या दालनाच्या दाराशी जो पहारेकरी बसायचा त्याला सगळे काका म्हणत. एकदा खाली येऊन त्यांनी माझ्याकडे जुनी गादी मागितली. चित्राच्या डाव्या बाजूला टाकून ठेवतो म्हणाले, कारण सगळे डावीकडेच पडतात. मी हसले. घेरी काय दिशा बघून येते का?

पुढच्या वेळी मी मुद्दाम वर थांबून पाहिलं. एक टाय लावलेला गृहस्थ चित्रासमोर रडत होता. पडण्याआधी त्याने डावीकडे एक पाऊल टाकलं. तोल गेला म्हणून नव्हे. पोट आत घेतलं, हातातली बॅग छातीशी धरली आणि अंग चोरून सरकला. अरुंद बोळात समोरून कुणी आलं की आपण सरकतो ना, अगदी तसा. क्षणभर तसाच उभा राहिला, मान जराशी वळवली, जणू कुणाला जाताना पाहत होता. आणि मग पडला, गादीवर.

२

चित्र फार मोठं नव्हतं. एक खोली, दुपारची वेळ. खिडकीशी टेबल, टेबलापासून जरा ओढलेली खुर्ची. फरशीवर ऊन. मागे एक अर्धवट उघडं दार. माणूस नाहीच. मी ते चष्म्याने पाहिलं, चष्म्याशिवाय पाहिलं, जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. बरं काढलं होतं. ऊन उन्हासारखं दिसत होतं. यापलीकडे मला काही म्हणजे काही झालं नाही.

माणूस कारण शोधतो. मी म्हटलं, दालनात हवा खेळत नसेल. तपासून घेतली, खेळत होती. उपाशीपोटी येत असतील. विचारलं, जेवून आलेले होते. मग म्हटलं, एक मेंढरू गेलं की मागची जातात. हे मला पटलं, कारण ते मला पटायला हवं होतं. पण गादीच्या बाजूला सरकायचं हे मेंढरांना कोण शिकवत होतं, याचं उत्तर त्यात नव्हतं.

संचालकांना मात्र आनंदाचं भरतं आलं होतं. त्यांनी बाहेर मोठा फलक लावला, 'जिथे भान हरपतं'. रांग फाटकाबाहेर जाऊ लागली. मला त्यांनी दुसरी खाट मंजूर केली. औषधं मागितली तर वर्ष वर्ष न देणारा माणूस, पण खाट दुसऱ्या दिवशी हजर. मी त्यांना सांगितलं की लोकांना अपाय होतोय. ते म्हणाले, बाई, हा अपाय नव्हे, हा अनुभव आहे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अनुभवाने नाडी एवढी धावली तर म्हाताऱ्याचं हृदय बंद पडतं, हे मी बोलले. ते मोबाइल बघत निघून गेले.

एक गोष्ट मी त्याच आठवड्यात पाहिली. काकांनी आपली खुर्ची फिरवून घेतली होती. पहारा चित्रावर आणि तोंड भिंतीकडे. मी चेष्टेने विचारलं, काका, चित्र चोरीला गेलं तर कळणार कसं?

"ते जाणार नाही," काका म्हणाले. मग म्हणाले, "पाठ असली की बरं असतं. पाठीला सरकावं लागत नाही."

३

माझा नवरा शहरात बस चालवायचा. आमचं लग्न आमच्या पसंतीचं, पहिल्या दिवसापासून अरे-तुरेतलं, आणि भांडणाचं. तो तोंडाळ, मी तोंडाळ. सकाळी चहा पातळ झाला म्हणून सुरू व्हायचं ते रात्री पंख्याच्या वेगावर येऊन थांबायचं. शेजारीण म्हणायची, तुमच्या घरात शांतता झाली की आम्हाला काळजी वाटते. मुलंबाळं नाहीत, तेव्हा भांडण हाच आमचा संसाराचा आवाज होता. चित्रांशी त्याचा संबंध शून्य. माझ्या नोकरीला तो 'भिंती राखायला जाते' म्हणायचा.

त्या दिवशी त्याची सुट्टी होती आणि मी चष्मा घरी विसरले होते. तो घेऊन आला. खाली माझी खोली बंद दिसली, कुणीतरी सांगितलं बाई वर आहेत, म्हणून वर आला.

मी गुडघ्यांवर बसून एका मुलीचे पाय उचलून धरले होते. मान वर केली तर तो दालनाच्या मध्यावर उभा. हातात चष्म्याची डबी. मला शोधत होता, आणि मला शोधता शोधता त्याची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे गेली.

मी हाक मारली. त्याने ऐकली नाही.

त्याचा चेहरा उजळत गेला. दुसरा शब्द मला सापडत नाही. ओठ थरथरायला लागले, गालांवरून पाणी आलं. इतक्या वर्षांत मी तो चेहरा पाहिला नव्हता. लग्नात नाही, त्याच्या आईला पोचवून आलो तेव्हा नाही. माझ्याकडे त्याने असं कधी पाहिलं नव्हतं, आणि पहिला विचार माझ्या मनात तोच आला. भीती नंतर आली, आधी मत्सर आला. आणि संताप.

मग त्याने डबी छातीशी धरली, पोट आत घेतलं आणि डावीकडे एक पाऊल टाकलं.

तो पडला नाही. बाजूला उभा राहिला, कुणाला तरी पुढे जाऊ दिलं, आणि मग माझ्याजवळ येऊन चष्मा दिला. "येतो मी," एवढंच म्हणाला. जाताना दाराच्या मधून गेला नाही. चौकटीला खांदा घासत, कडेने गेला.

४

संध्याकाळी मी वाट पाहत होते की आता हा चित्राची टर उडवील. त्याने उडवली नाही. भाजी करपली होती. "छान झालीय," म्हणाला. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

त्या दिवसापासून तो घरात भिंतीच्या कडेने चालायला लागला. सोफ्यावर बसायचा तो अगदी टोकाला. स्वयंपाकघरात मी असले तर दाराशी उभा राहायचा, मधली जागा मोकळी सोडून. बिछान्यात इतक्या कडेला झोपायचा की त्याचा एक हात खाली लोंबायचा. मी म्हणायचे, पडशील. तो म्हणायचा, नाही पडत. मध्ये ये म्हटलं की, असू दे. खाणं कमी झालं. ताटातला पहिला घास घेऊन तो थांबायचा, दुसऱ्या कुणाचं सुरू होण्याची वाट पाहिल्यासारखा.

मी त्याचा रक्तदाब घेतला, साखर तपासली, ओळखीच्या डॉक्टरांकडे नेऊन छातीचा ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, तुमच्यापेक्षा ठणठणीत आहेत, घरी काही ताण आहे का? मी म्हटलं, तोच तर गेलाय.

मग डेपोतून बोलावणं आलं. त्याच्या बसचा कंडक्टर तिथे होता, त्याचा जुना दोस्त. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. एका थांब्यावर कुणी नव्हतं. तरी यांनी बस थांबवली, दार उघडलं आणि बसून राहिले. एखादं म्हातारं माणूस पायरी पायरीने चढायला जेवढा वेळ घेतं तेवढा वेळ. "सावकाश, घाई नाही," असंही म्हणाले. मग आरशातून मागे बघत थांबले, आणि कुणी बसल्यावर हलवावी तशी हळूच बस हलवली. पुढच्या थांब्यावर पुन्हा. लोक ओरडायला लागले, एकाने शिवी दिली, तरी यांच्या चेहऱ्यावर रेषा नाही. हसतमुख.

"वहिनी," कंडक्टर म्हणाला, "यांना मी बारा गावच्या शिव्या देताना ऐकलंय. ते शिव्या देणारे परत आले तर मला फोन करा."

त्याला कामावरून थांबवलं. घरी येऊन मी विचारलं, कुणासाठी थांबला होतास? तो म्हणाला, "तू उगाच चिडतेस." हेच वाक्य त्याने मला हजार वेळा ऐकवलं होतं, पण या वेळी इतक्या मायेने म्हणाला की त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मी दिली नाही. त्याऐवजी आवाज चढवला, जमेल ते बोलले, त्याच्या आईपर्यंत गेले. एरवी एवढ्यावर घर दणाणलं असतं. त्याने तोंडावर बोट ठेवलं आणि झोपायच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"हळू बोल ना," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने आपली उशी आणि पांघरूण बाहेरच्या खोलीत आणलं. मग मीही रागारागाने माझी उशी बाहेर आणली. सकाळी कपडे घ्यायला आत गेले. चादर ताणून घातलेली होती आणि गादीच्या मधोमध एक लांबट खळगा होता. वाटलं, त्याच्या अंगाने पडला असेल. तो कडेला झोपायचा हे आठवलं तोवर मी कपडे घेऊन बाहेर आले होते.

५

त्यानंतर एका सकाळी हातात हेल्मेट घेतलेला एक माणूस माझ्या खोलीत घुसला. वयाने माझ्याएवढा, डोळे लाल. त्या निवृत्त शिक्षिकेचा मुलगा. दारातूनच ओरडायला लागला, माझ्या आईला तुम्ही इथे काय दिलंत? मी म्हटलं, साखरपाणी. तो आणखी ओरडला. मी त्याला ओरडू दिलं. वॉर्डात शिकले होते, ओरडणाऱ्याला आधी ओरडू द्यावं. मग तो खाटेवर बसला आणि सांगायला लागला.

आई एकटी राहायची, तीन खोल्यांत. फोनवर बोलायची तेव्हा आनंदात असायची. आधी म्हणाली, मी बाहेरच्या खोलीत झोपते, तिथे बरं वाटतं. मग म्हणाली, स्वयंपाकघरात जात नाही, खाली जाऊन काहीतरी खाते. त्याला वाटलं, म्हातारपण. तो तिच्यावर चिडलाही. परवा शेजाऱ्यांचा फोन आला. आई स्वतःच्या दाराबाहेर जिन्यावर बसलेली सापडली, थंडीत, अंगावर नुसती शाल. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन. जिन्यावरून कुणाला जायला अडचण होऊ नये अशी. चेहरा हसरा होता. अंग केव्हाच गार पडलं होतं.

"दार सताड उघडं होतं," तो म्हणाला, "आणि शेजारी मलाच विचारतायत, आजींकडे पाहुणे कोण आलेत? म्हणे कितीतरी दिवस आत वावर होता. खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा."

मी त्याला पाणी दिलं. त्याने ते प्यायलं नाही, हातात धरून बसला. मग विचारलं, "तुम्ही तिला हात धरून बसवलं होतं ना? ती काय म्हणाली?"

सुंदर आहे म्हणाली, असं मी सांगितलं. त्याने पेला ठेवला आणि निघून गेला.

मी खोलीला कुलूप लावलं आणि भर दुपारी घरी गेले. बाहेरच्या खोलीत नवरा नव्हता. अंथरूण नव्हतं. ते पुढच्या दाराशी होतं, चपलांच्या कपाटाला लागून, आणि तो त्यावर मांडी घालून बसला होता. दाराला त्याने विटेचा तुकडा लावून ठेवला होता, बंद होऊ नये म्हणून. मला पाहून त्याने पाय आवरून घेतले.

आता पुढची जागा जिना होती.

६

दुसऱ्या दिवशी मी संग्रहालय उघडायच्या आधी गेले आणि थेट संचालकांच्या केबिनमध्ये शिरले. दार वाजवलं नाही. चित्र आज खाली उतरवा म्हटलं. शिक्षिकेचं सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं. मला वाटलं होतं हसतील. ते हसले नाहीत. पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिले.

"उतरवायचं तर कुणीतरी त्याच्यासमोर उभं राहायला हवं," ते म्हणाले. "लावताना दोन माणसं होती. दोघांच्या घरी मी जाऊन आलोय."

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे यांना ठाऊक होतं. म्हणूनच त्या दालनातून जाताना हा माणूस मोबाइलमध्ये डोकं खुपसून जायचा. स्वतः खाली बघायचं आणि बाहेर फलक लावून दुनियेला बोलवायचं.

मी विचारलं, लोकांना का येऊ देता?

"लोक येतात," ते म्हणाले. "त्यांना हवं असतं ते, बाई. तुम्हाला नाही कळणार. तुम्हाला ती नजरच नाही, म्हणून तर तुम्ही सुखरूप आहात."

हे लागलं. इतकं लागायला नको होतं, पण लागलं. जे बघून माझा नवरा असा उजळला ते मला दिसत नव्हतं, आणि हा माणूस मला तेच ऐकवत होता. मी म्हटलं, ठीक आहे, मग मीच उतरवते. आणि निघाले. वाटेत माझ्या कपाटातून पट्ट्या कापायची मोठी कात्री घेतली.

दालनात सकाळचा उजेड होता. काका पाठ करून बसले होते. माझ्या हातातली कात्री त्यांनी पाहिली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. चौकट भिंतीला स्क्रूने आवळलेली होती, ओढून पाहिली, हलली नाही. मग मी कात्रीचं टोक कापडाला लावलं. तिथे, जिथे खुर्ची होती. अजूनही मला काही होत नव्हतं. टेबल, ऊन, अर्धवट उघडं दार. मला वाटलं दार आधी जरा कमी उघडं होतं. पण मी कधी मापून पाहिलं नव्हतं.

"थांबा," मागून संचालक ओरडले. ते धावत आले होते. मी वळले. चित्राकडे माझी पाठ, समोर ते. धावण्याच्या आणि ओरडण्याच्या गडबडीत ते खाली बघायला विसरले होते.

मी तो चेहरा बदलताना पाहिला. आधी शरम आली, मग सगळं वय उतरत गेलं. डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हात छातीशी घेतले आणि डावीकडे सरकले.

मी सरकले नाही. मला सरकायचं कारणच नव्हतं, मी काही पाहिलं नव्हतं. पण मी मध्ये उभी होते. चित्र माझ्या मागे होतं, दालन पुढे, आणि वाटेत मी.

आधी माझ्या अंगातला नर्सचा कोट पाठीला चिकटला. वारा नव्हता. कापड दोन्ही खांद्यांच्या मधे सपाट दाबलं गेलं, मग कमरेवर, मग पोटऱ्यांवर. ढकलणं नव्हतं ते. दाटीच्या रांगेत मागचा माणूस न बोलता पुढे येऊन थांबतो आणि तुम्ही हलायची वाट बघतो, तसं. गार नाही, गरम नाही. वाससुद्धा नाही.

"बाई," काका भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "बाई, सरका हो." त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

संचालकांच्या चष्म्याच्या काचांत ते चित्र छोटं, लख्ख दिसत होतं. टेबल, खुर्ची, ऊन. त्यापुढे माझी काळी आकृती. आणि माझ्या खांद्यावरून एक डोकं पुढे वाकलेलं होतं. माझा चेहरा बघायचा असल्यासारखं. मी डोळे मिटले. मला तेवढंच दिसलं, आणि त्याहून जास्त बघायची माझी तयारी नव्हती.

मी हलले असते तर संपलं असतं. पण माझ्या डोक्यात जिन्यावर बसलेली ती म्हातारी होती, विटेचा तुकडा होता, आणि नजर नसलेली बाई म्हणून ऐकून घेतलेलं होतं. मी पाय रोवले. दात इतके आवळले की कानांत कळ आली.

कोट सैल झाला. बाजूने काही गेलं की नाही, सांगता येत नाही. डोळे उघडले तेव्हा संचालक जमिनीवर बसले होते आणि लहान मुलासारखे हसत होते, आणि बाकीचे पहारेकरी माझ्या हातातली कात्री काढून घेत होते. मला फाटकाबाहेर सोडलं. नोकरी गेली हे कुणी सांगायची गरज नव्हती. बाहेर रांग लागलीच होती. मी रांगेतल्या एकेकाला सांगितलं, जाऊ नका. एक बाई म्हणाली, तुम्ही पाहून आलात ना, मग आम्हाला का अडवता?

७

घरी पोचले तर नवरा जिन्यावर होता. वरून दुसऱ्या पायरीवर, भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी. दार सताड उघडं. मला पाहून हसला आणि माझ्यासाठी आणखी भिंतीला चिकटला.

मी त्याला ओलांडून आत गेले. घरात दुपार भरली होती. सगळं जागच्या जागी होतं. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची जराशी ओढलेली होती, तेवढंच. मी ती धाडकन आत ढकलली. कपाटाची दारं आपटली. भांडी उगाच आपटली. मी बोलतही होते, मोठमोठ्याने. हे घर आम्ही दोघांनी घेतलं. हप्ते भरले, भिंतींना रंग आम्ही दिला, गळका नळ त्याने तीनदा दुरुस्त केला आणि तीनदा पुन्हा गळला. इथे कुणाला राहायला बोलावलेलं नाही. माझा आवाज घरात घुमत नव्हता. माणसांनी भरलेल्या खोलीत जसा विरतो, तसा विरत होता.

मग मी झोपायच्या खोलीत गेले आणि पलंगाच्या मधोमध पाठीवर आडवी झाले. त्या खळग्यात. हातपाय पसरून.

बराच वेळ काही नाही. खिडकीच्या गजांची सावली कपाटावर सरकत होती. मी इतकी दमले होते की वाटलं, झोप लागेल. तेव्हा माझ्या उजव्या अंगाला गादी खाली गेली. कुणी आधी कडेला टेकतं, मग पाय वर घेतं, तशी, दोन वेळा. माझं अंग त्या उताराकडे झुकलं.

मी ओरडले नाही. घशात ओरडणं होतं, पण तिथे रागाने आधीच जागा अडवली होती. मी छताकडे बघत म्हटलं, "सरक."

काही झालं नाही.

"सरक तिकडे. ही माझी जागा आहे."

गादी माझ्या बाजूने हळूहळू वर आली आणि पलीकडे खाली गेली. सरकलं. गेलं नाही, नुसतं सरकलं. आणि तेव्हा मला खरी भीती वाटली, कारण ते इतक्या सहज सरकलं. आजवर कुणी सांगितलंच नव्हतं बहुतेक.

मी नवऱ्याला हाक मारली. पहिल्या हाकेला आला नाही. दुसऱ्या हाकेला मी त्याला ती शिवी दिली जी तो डेपोतून शिकून आला होता आणि मी त्याच्याकडून. मग पावलं आली. तो खोलीच्या दाराशी थांबला, पलंगाकडे बघत. माझ्याकडे नव्हे, माझ्या पलीकडे.

"जागा नाहीये गं," म्हणाला.

मी डावीकडे हात आपटला. "आहे. ये इथे."

तो आला. लाकडासारखा ताठ, माझ्या डाव्या अंगाला पडला. मी मध्ये, दोन्ही कोपरं बाहेर काढून. त्याला झोप लागली. मला लागली नाही.

याला बरेच दिवस झाले. चित्र अजून तिथेच आहे. संचालकांनी म्हणे केबिन सोडली, व्हरांड्यात टेबल टाकलंय, आणि चित्र उतरवायचं ठरवणारं आता कुणी उरलेलं नाही. काका एकदा येऊन गेले. दाराबाहेरूनच बोलले. मला नवी नोकरी मिळेल, पण घर फार वेळ सोडायचं माझ्या मनात येत नाही. दिवसभर मी खोल्याखोल्यांतून मध्ये चालते. खुर्ची ओढलेली दिसली की आत ढकलते. दमल्यावर मनात येतं, असू दे, एका खुर्चीने काय होतंय. मग मी मुद्दाम काहीतरी आठवते. हेल्मेटवाला तो मुलगा, हातात धरून ठेवलेला पेला. राग पुन्हा येतो.

नवरा आता थोडं खातो. काल जेवताना त्याने घास घेतला, चावला, आणि कपाळाला आठी पडली. "मीठ नाही यात," म्हणाला. "इतक्या वर्षांत तुला मिठाचा अंदाज येईना?"

माझे डोळे एकदम भरून आले. छातीत धडधडायला लागलं, तळहात ओले झाले. मला स्वतःचीच धास्ती वाटली. ताटाची कड दोन्ही हातांनी पकडली आणि जमेल तेवढ्या कडक आवाजात म्हटलं, "हवं तर उठून घे."

तो उठला. कडेने गेला नाही. टेबलापासून स्वयंपाकघराच्या दाराकडे सरळ, खोलीच्या मधून निघाला. मधोमध थांबला. मग बसमध्ये दाटी झाली की तो मान न वळवता जी आरोळी ठोकायचा, त्याच आवाजात म्हणाला, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे."

थोडा वेळ थांबला. मग वाट मिळाल्यासारखा गेला आणि मीठ घेऊन आला.

मी ताटाकडे बघत जेवत राहिले. मान वर केली नाही.